पानावरून उठण्याची घाई नको

वाचकांचे प्रश्न : स्पेनमधील जेवण, वाइन आणि सोबत

परदेशी राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याच्या या सदरात या वेळी केवळ स्पेनमधून आलेली पत्रे घेतली आहेत. गेली सोळा वर्षे मी या देशात राहते. त्यांतली पहिली चार वर्षे ग्रानादात आणि पुढची सगळी लोग्रोन्योत गेली, त्यामुळे उत्तरांत या दोन गावांकडे माझा ओढा दिसला तर वाचकांनी तो समजून घ्यावा. पत्रांतल्या अडचणी वेळेच्या, पैशांच्या, शाकाहाराच्या, बाटलीवरच्या अक्षरांच्या आहेत. तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. इथले लोक साध्या रविवारच्या जेवणाला जितका वेळ देतात, तितका वेळ आपण लग्नकार्याची पंगत सोडली तर क्वचितच देतो.

प्रश्न : ताई, मी आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी माद्रिदला आलो. कार्यालयातले सहकारी दुपारी अडीचला जेवायला उठतात, रात्रीचे आमंत्रण साडेनऊचे असते आणि जेवण संपल्यावरही दीड-दीड तास कोणी जागचे हलत नाही. मला बाराला भूक लागते आणि दहाला झोप येते. त्यांच्यात बसावेसे फार वाटते, पण जमत नाही. — एक अभियंता, माद्रिद

उत्तर : आधी घड्याळाचा उलगडा करते, म्हणजे निम्मी अडचण सुटेल. स्पेनचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या रेषेच्या पश्चिमेला आहे. तरीही मार्च १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपची वेळ लागू केली, आणि ती आजतागायत तशीच आहे. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. परिणामी जूनमध्ये माद्रिदला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि मावळतो रात्री पावणेदहाच्या सुमारास. म्हणजे अडीचचे जेवण सूर्याच्या हिशेबाने पुण्यात पाऊणच्या सुमारास पान वाढल्यासारखेच झाले. तुमचे सहकारी उशिरा जेवतात असे मनात धरू नका. घड्याळाचा आकडा तेवढा पुढे आहे.

उरलेला प्रश्न मधल्या वेळच्या खाण्याने सुटतो. सकाळी साडेदहा-अकराला सगळे खाली उतरून कॉफी आणि बटाट्याच्या तोर्तियाचा, म्हणजे जाड ऑम्लेटचा, एक तुकडा खातात, त्याला नाही म्हणू नका. संध्याकाळी सहाच्या सुमारास ‘मेरिएन्दा’ असते, म्हणजे आपले चहाच्या वेळचे खाणे. दिवसाचे मुख्य जेवण दुपारचे असते आणि ते उपाहारगृहात ‘मेनू देल दिया’ या नावाने ठरावीक किमतीत मिळते : पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पाणी किंवा वाइन, आणि शेवटी गोड पदार्थ अथवा कॉफी. १९६०च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने अशा ठरावीक किमतीच्या जेवणाचा नियम केला. आज त्याचा खरा आधार नोकरदारांना आहे. मात्र चार वाजेपर्यंत स्वयंपाकघरे बंद होतात, हे लक्षात ठेवा.

आता त्या दीड तासाविषयी. त्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. जेवण आटोपल्यावर टेबलाशीच रेंगाळत गप्पा मारण्यासाठी या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, यावरूनच त्याचे वजन कळावे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात ग्रानादातल्या एका शेजारीणबाईंनी रविवारी जेवायला बोलावले होते. खरकटे वाळू देऊ नये या आपल्या शिकवणीने मी शेवटचा घास संपताच उठले, ताटे गोळा केली, धुतली आणि दहा मिनिटांत त्यांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्यात सूप घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या; मी इतक्या लवकर उठले म्हणजे मला बरे वाटत नसावे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. त्या दिवशी मला कळले की ज्यासाठी त्यांनी मला बोलावले होते, ती वेळ सुरू होण्याआधीच मी निघून आले होते. ओळखीचे लोक मित्र होतात ते याच वेळात : कॉफी आलेली असते, पावाचा चुरा टेबलावर पडलेला असतो, कोणाला तरी आपल्या आजीची आठवण येते.

तेव्हा माझा सल्ला असा की, तूर्त रात्रीची आमंत्रणे महिन्यातून एक-दोनच घ्या आणि शनिवार-रविवारची दुपारची सगळी घ्या. घरी परतल्यावर हवी तर निवांत वामकुक्षी करा. माद्रिदच्या नोकरदाराला कामाच्या दिवशी ती मिळत नाही, पण रविवारी तिला कोणाचीच हरकत नसते.

प्रश्न : मी वालेन्सियात शिकते आणि पूर्ण शाकाहारी आहे, अंडे मात्र चालते. घरातल्या मैत्रिणी दर रविवारी कोणाच्या तरी गावी पाएया खायला नेतात. मी कोपऱ्यात बसून पाव खाते, आणि त्यांना वाईट वाटते. जाणेच बंद करावे का? — एक विद्यार्थिनी, वालेन्सिया

उत्तर : जाणे मुळीच बंद करू नका. वालेन्सियाची मूळ पाएया, म्हणजे पसरट भांड्यात शिजवलेला भात, शाकाहारी होणार नाही, हे आधी मान्य करू. त्यात कोंबडी आणि सशाचे मांस असते, कधी गोगलगायीही असतात, आणि भात त्याच रसात शिजत असल्याने वरचे तुकडे बाजूला करून उपयोग नाही. पण त्याच भांड्यात घेवड्याच्या चपट्या शेंगा असतात, ‘गार्रोफो’ नावाचा मोठा पांढरा दाणा असतो, जो आपल्या डबल बीचा सख्खा भाऊ आहे, शिवाय टोमॅटो, केशर आणि आल्बुफेरा सरोवराकाठच्या शेतांतला तांदूळ असतो. या सगळ्याची भाज्यांच्या रसातली लहान पाएया वेगळ्या भांड्यात करता येते. मैत्रिणीच्या आईला आदल्या दिवशी विचारा, आर्टिचोक आणि फ्लॉवर तुम्ही घेऊन जा, आणि शेजारी उभे राहून करायला शिका. पाएया हे तिथल्या घरांत बहुधा चूलखंडाभोवती उभ्या असलेल्या मंडळींचे सामायिक काम असते, त्यामुळे तुमचे तिथे असणे कोणाला अडचणीचे वाटणार नाही. तळाशी धरलेल्या खमंग थराला ‘सोकार्रात’ म्हणतात. आपल्याकडे खरवडीसाठी भावंडांत जशी भांडणे होतात, तशीच तिथे होतात.

उपाहारगृहात मात्र सावध राहावे लागते. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर हॅम किंवा ट्यूना मासा आला तरी वाढणाऱ्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा मोठा तुकडा. म्हणून नेहमी पूर्ण यादी सांगावी : ‘सोय वेखेतारियाना, नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून.’ साध्या मिश्र सॅलडमध्ये ट्यूना असतो, मसुरीच्या आमटीत चोरिसो हे डुकराच्या मांसाचे सॉसेज असते, फरसबीच्या भाजीत हॅमचे बारीक तुकडे असतात, आणि साल्मोरेखो या घट्ट गार टोमॅटो सूपवर उकडलेल्या अंड्याबरोबर हॅम भुरभुरवलेले असते; ते वगळून मागता येते.

निर्धास्तपणे खाण्यासारखेही पुष्कळ आहे. सेव्हियाकडे जिरे घातलेली पालक-काबुली चण्याची भाजी मिळते, आणि पहिल्या घासाला ती परकी वाटतच नाही. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची कातालोनियातली एस्कालिवादा, ला मान्चाची पिस्तो (टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या), गालिसियातल्या पाद्रोनच्या तळून मीठ लावलेल्या लहान हिरव्या मिरच्या, टोमॅटो चोळलेला पाव, बदाम-लसणाचे पांढरे गार सूप आखो ब्लान्को, ही नावे लिहून ठेवा. मालागाकडे गेलात तर तळलेले वांग्याचे काप मागा. त्यांवर जो ‘ऊस-मध’ ओततात, तो म्हणजे चक्क काकवी आहे, आणि फ्रिखिलियाना या डोंगरी गावात ती आजही तयार होते. मी ती पहिल्यांदा चाखली तेव्हा कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाच्या आठवणीने गलबलून आले होते.

तुमच्या स्वतःच्या शहरात सकाळी दहा-साडेदहाला भरगच्च न्याहारीची प्रथा आहे. टेबलावर आधी शेंगदाणे आणि ऑलिव्ह येतात, मग मोठा भरलेला पाव येतो, आणि तो तोर्तियाचा किंवा भाज्यांचाही मिळतो. उन्हाळ्यात आल्बोरायाची ओर्चाता अवश्य प्या. ती ज्या ‘चुफा’ कंदापासून करतात तो आपल्या नागरमोथ्याच्या कुळातला आहे.

प्रश्न : माझे पती आणि मी मद्य घेत नाही. ग्रानादात मात्र सगळ्या भेटी बारमध्येच ठरतात. आम्ही दोन-तीनदा टाळले, आता बोलावणी कमी होऊ लागली आहेत. — एक गृहिणी, ग्रानादा

उत्तर : बारमध्ये जाणे आणि मद्य घेणे या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, इथे त्या सुट्या आहेत. स्पेनमधला बार म्हणजे गल्लीचा पार आणि चहाची टपरी यांची सांगड. तिथे सकाळी आजोबा वर्तमानपत्र वाचतात, दुपारी शाळेतून आलेली मुले आईवडिलांबरोबर बसतात, आणि रविवारी जेवणाआधीच्या ‘बेर्मूतच्या वेळी’ (बेर्मूत म्हणजे मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन) तीन पिढ्या एकत्र उभ्या असतात.

तुम्ही ‘मोस्तो’ मागत जा. हा न आंबवलेला द्राक्षरस असतो आणि तो बर्फ, संत्र्याची फोड आणि कधी ऑलिव्ह घालून ऐटीत देतात. अल्कोहोलविरहित बिअर तर जवळजवळ प्रत्येक बारमध्ये असते, तिला नुसते ‘सिन’ म्हटले तरी पुरते. ग्रानादात पेयाबरोबर फुकट ‘तापा’, म्हणजे खाण्याची छोटी बशी, देण्याची पद्धत आहे, आणि साध्या थंड पेयावरही तो सहसा मिळतो. ‘नो बेबो’, म्हणजे ‘मी घेत नाही’, एवढे हसून सांगितले की विषय संपतो. कारणे देत बसू नका, कारण कारण दिले की चर्चा सुरू होते. एक बारकावा सांगून ठेवते. पेले उंचावताना हातात पाणी असणे काही जण अशुभ मानतात, म्हणून त्या क्षणी मोस्तोचा पेला धरावा आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे.

बोलावणी कमी झाली आहेत ती तुम्हाला यायला आवडत नाही असे वाटून झाली असावीत. या आठवड्यात तुम्हीच पुढाकार घेऊन त्यांना बोलवा, आणि ठिकाण बारच ठरवा.

प्रश्न : खिखोनमध्ये सफरचंदाची ‘सिद्रा’ सगळे एकाच पेल्यातून पितात. मला उष्टे चालत नाही. नाही म्हटले तर अपमान होईल का? — एक संशोधक, खिखोन

उत्तर : अस्तुरियासमध्ये सिद्रा डोक्यावर धरलेल्या बाटलीतून कमरेजवळच्या पेल्यात उंचावरून ओततात, म्हणजे ती पेल्याच्या काठावर आपटून फेसाळते आणि तिचा वास मोकळा होतो. एका वेळी दोन-तीन घोटच ओतलेले असतात आणि ते लगेच प्यायचे असतात. शेवटचा थेंबभर घोट मात्र पीत नाहीत; ओठ लागलेल्या कडेवरूनच तो जमिनीवर टाकतात, म्हणजे पुढच्यासाठी ती कड धुतली जाते. उष्ट्याचा विचार त्यांनाही सुचला होता आणि त्यांनी आपल्या परीने त्यावर उपाय केला होता, हे पाहून मला त्या पद्धतीविषयी आपुलकी वाटू लागली. या सिद्रा-संस्कृतीला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

तरीही मन घेत नसेल तर वेगळा पेला मागा. आता तो सहज देतात आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. कातालोनिया आणि आरागोनमध्ये तर तुमच्या सवयीचे भांडेच आहे. ‘पोर्रोन’ नावाच्या चोचीच्या काचपात्रातून सगळे जण आळीपाळीने वाइन पितात, पण ओठ कोणीही लावत नाही, धार थेट तोंडात सोडतात. लहानपणी तांब्याने वरून पाणी प्यायला शिकलेल्या मराठी माणसाला ते पहिल्याच प्रयत्नात साधते. माझ्या सासरच्या मंडळींना ते साधले तेव्हा आरागोनमधल्या त्या टेबलावर टाळ्या पडल्या होत्या.

प्रश्न : आठ-दहा जण पाच-सहा बार फिरतात, तेव्हा पैशांचा हिशेब कसा ठेवायचा? टीटीएमएम म्हटले तर कसे दिसेल? — एक विद्यार्थी, बिल्बाओ

उत्तर : बरे दिसत नाही, असे स्पष्टच सांगते. तुमच्याकडे यासाठी ‘बोते’ ही उत्तम सोय आहे : सुरुवातीला प्रत्येकाने समान वर्गणी काढायची, एकाने पैसे सांभाळायचे, प्रत्येक बारमध्ये त्यानेच द्यायचे आणि संपले की पुन्हा काढायची. तुम्ही एकच मोस्तो घेतला आणि दुसऱ्याने तीन वाइन घेतल्या, तरी त्या संध्याकाळी तो हिशेब करायचा नसतो. दोघे-तिघेच असाल तर एक जण आज देतो आणि दुसरा पुढच्या वेळी. ती ‘पुढची वेळ’ तुमच्या लक्षात राहिली पाहिजे, कारण तेच पुढच्या भेटीचे आमंत्रण असते. वाढदिवस ज्याचा असेल त्यानेच सगळ्यांना खाऊ-पिऊ घालायचे असते, हे आपल्यासारखेच आहे. टीप ऐच्छिक आहे. सुटी नाणी ठेवली तरी पुरे.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघेही नुकतीच वाइनची गोडी लावून घेत आहोत. दुकानात रिओखाच्या बाटल्यांवर क्रिआन्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा असे लिहिलेले असते. जितकी महाग तितकी चांगली, असे समजावे का? — एक दाम्पत्य, सारागोसा

उत्तर : तसे समजू नका. हे शब्द मुरण्याचा काळ सांगतात. रिओखा या लोग्रोन्योच्या आसपासच्या प्रदेशातल्या तांबड्या वाइनमध्ये क्रिआन्सा म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली, त्यांतले निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा म्हणजे किमान तीन वर्षे, त्यांतलेही निदान एक पिंपात. आणि ग्रान रेसेर्वा म्हणजे किमान पाच वर्षे, त्यांतली निदान दोन पिंपात. ज्या बाटलीवर यांतले काहीच नाही ती तरुण वाइन असते आणि उन्हाळ्यात, किंचित गार करून, तिच्यासारखी दुसरी नाही. लोणचे मुरलेले आवडते की ताजे करकरीत, हा जसा आवडीचा प्रश्न आहे, तसाच हाही आहे.

मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. इतर जातींच्या आधी पिकते म्हणून हे नाव पडले. आपला शेतकरी तिला हळवी जात म्हणाला असता. पिंपांची कथा फ्रान्सशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा या किडीने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात एब्रोच्या खोऱ्यात आले. त्यांच्याबरोबर २२५ लिटरच्या पिंपांत वाइन मुरवण्याची रीतही इथे रुळली. आरो गावात रेल्वे पोचलेली असल्याने स्थानकाभोवतीच तळघरे उभी राहिली. तिथली काही, १८७७ आणि १८७९ मध्ये सुरू झालेली, आजही चालू आहेत आणि पाहायला मिळतात. तुमच्याहून आरो फार लांब नाही, एका शनिवारी जाऊन या. जुन्या पद्धतीच्या रिओखात अमेरिकन ओक वापरतात, आणि त्या लाकडामुळे वाइनला व्हॅनिलाचा आणि सुक्या खोबऱ्याचा गंध येतो. नाक जवळ नेऊन शांतपणे वास घ्या. खोबऱ्याचा गंध ओळखायला आपल्याइतके तयार नाक कोणाचे असणार?

तळघरे पाहून झाली की लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लीत या. तिथे बहुतेक बार आपापल्या एकेका पिंचोसाठी, म्हणजे बहुधा पावावर रचलेल्या छोट्या खाण्यासाठी, ओळखले जातात, आणि लोक एका ठिकाणी एकच पेला आणि एकच पिंचो घेऊन पुढे सरकतात. लसणाच्या तेलात भाजलेल्या अळिंब्यांची उतरंड पावावर रचून देतात, ती चुकवू नका. वरची लहान कोळंबी नको असेल तर तसे आधी सांगा. खाल्ल्याशिवाय पिणे इथे शोभत नाही, आणि गाडी बरोबर आणणे तर मुळीच नको.

प्रश्न : गेले वर्षभर ज्यांनी आम्हाला घरी बोलावले त्या तीन स्पॅनिश कुटुंबांना मराठी जेवण घालायचे आहे. बेत काय करावा, कोणती वाइन ठेवावी, आणि काय टाळावे? — एक गृहिणी, वायादोलिद

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण परतफेडीचे आमंत्रण देण्याचा संकोच करणारी पुष्कळ मराठी घरे मी पाहिली आहेत.

सर्वांत आधी तिखट. मिरची कोलंबसाबरोबर युरोपात प्रथम स्पेनमध्येच आली, पण इथे तिची गोडसर पूड झाली. ला व्हेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून केलेली पूड मुख्यतः रंगाला आणि गंधाला वापरतात, जाळाला क्वचितच. त्यामुळे पाहुण्यांना ‘मसालेदार’ आणि ‘तिखट’ यांतला फरक सांगून ठेवा, रश्शात मिरची नेहमीच्या पावपट घाला आणि ठेचा वेगळ्या वाटीत द्या. सुरुवातीला कोथिंबीर वडी आणि कांदा भजी, मग भरली वांगी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, वरण-भात-तूप, आणि शेवटी श्रीखंड किंवा पुरणपोळी, एवढा बेत पुरेसा आहे. इथे पदार्थ एकामागून एक येतात. आपण सगळे एकदम वाढतो. तेव्हा डावी-उजवी बाजू समजावून सांगा, आणि कोशिंबीर ही भाजीबरोबर खायची आहे, आधी संपवायची नाही, हे तर जरूर सांगा. हाताने जेवायला शिकवा. पाएयाच्या भांड्यातून खाणाऱ्यांना आणि पावाने ताट पुसून घेणाऱ्यांना त्यात अवघड काही वाटत नाही.

वाइनबाबत एवढे लक्षात ठेवावे की तिखटाबरोबर जड, तुरट तांबडी वाइन घेतली तर जिभेची आग वाढते आणि वाइन कडवट लागते. तुमच्या गावाजवळच रुएदा आहे. तिथल्या व्हेर्देखो द्राक्षाची पांढरी वाइन थंड करून ठेवा, ती उसळीबरोबर आणि कोशिंबिरीबरोबर छान जाते. भजी आणि वड्यांबरोबर खेरेसची ‘फिनो’ शेरी द्या. पिंपात या वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची साय धरते, तिच्यामुळे वाइनला हवा लागत नाही आणि चव कोरडी, खारट बदामासारखी होते; तळणीचा तेलकटपणा ती एका घोटात धुऊन काढते. मात्र ती साध्या वाइनपेक्षा कडक असते, तेव्हा पेले लहान घ्या, आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा. भरल्या वांग्यांतल्या शेंगदाणा-तीळ-खोबऱ्याशी ‘आमोन्तियादो’ शेरीचे सूत जमते, हा माझ्या घरचा अनुभव आहे. न घेणाऱ्यांसाठी कोकम सरबत करा, आणि घेणाऱ्यांनाही त्याची चव द्या.

पाहुणे बाटली किंवा गोड पदार्थ घेऊन येतील. तो त्याच जेवणात उघडून सगळ्यांना द्यावा. जेवण आटोपल्यावर भांडी घासायला उठू नका. सुपारी-बडीशेप टेबलावर ठेवा, कॉफीचे आधण ठेवा आणि बसा.

प्रश्न : आमची नाशिकजवळ द्राक्षबाग आहे. मी सध्या आलिकान्तेत नोकरी करतो. इथे घडांना कागदी पिशव्या घातलेल्या पाहिल्या. आमच्याकडेही निर्यातीच्या घडांना कागद गुंडाळतात. नववर्षाच्या रात्री हीच द्राक्षे खातात का? मला एका कुटुंबाने त्या रात्री बोलावले आहे. — एक वाचक, आलिकान्ते

उत्तर : होय, हीच. विनालोपोच्या खोऱ्यात घड लहान असतानाच त्यांना कागदी पिशवी घालतात. तिच्या आड ते सावकाश पिकतात, पक्षी-किडींपासून वाचतात, आणि ‘आलेदो’ ही उशिराची जात, म्हणजे आपल्या भाषेत गरवी, डिसेंबरपर्यंत वेलीवर टिकते. १९०९ मध्ये इथल्या बागायतदारांनी जास्तीचे पीक खपवण्यासाठी बारा द्राक्षांची प्रथा सुरू केली, अशी कथा तुम्हाला ऐकवतील. ती प्रेमाने ऐकून घ्या, पण माद्रिदच्या वृत्तपत्रांत या प्रथेचे उल्लेख १८९०च्या दशकातही सापडतात.

रात्री बाराला माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे ठोके दूरचित्रवाणीवर दाखवतात आणि प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खायचे असते. आधी पाव-पाव तासाचे चार दुहेरी ठोके पडतात, त्या वेळी खायचे नाही. नवखे नेमके तिथेच सुरू करतात. त्यानंतर थोडी शांतता होते आणि मग बारा ठोके येतात. आलेदोत बिया असतात, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कोणीतरी संध्याकाळीच साल काढून बिया वेगळ्या करून ठेवते. तुम्ही त्या दिवशी जरा लवकर जा आणि ते काम मागून घ्या. द्राक्षे हाताळायची तुम्हाला सवय आहे.